द्राक्षाचा घड आणि अडीच किलोचा जीव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उन्हाळ्यात पाळीव कुत्र्यांची काळजी कशी घ्यावी यावर लेख होता. सोबत छायाचित्र होतं: सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या मांडीवर नारिंगी रंगाचा पॉमेरेनियन, आणि मुलीच्या बोटांतलं द्राक्ष त्याच्या तोंडाशी. माझ्या जावेने तो फोटो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, 'अगदी तुमची मोहरी!' म्हणून. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

मोहरी म्हणजे आमची पॉमेरेनियन. वय सहा वर्षं, आजचं वजन २ किलो ४०० ग्रॅम. वजन इतकं नेमकं सांगते, कारण मी ३१ वर्षं ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माती होते. लहान मुलाचं औषध देताना आधी वजन विचारायचं ही सवय हाडात मुरली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोहरीला भाजीच्या टोपलीत बसवून काट्यावर ठेवते आणि आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते. दुधाच्या हिशोबाशेजारी तो बघून आमचे हे हसतात.

माझ्या भावाची द्राक्षबाग पिंपळगावकडे आहे. तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात त्याने एक क्रेट पाठवला, तो आम्ही पडवीत ठेवला. दुपारी मी डोळा लागून उठले, तर मोहरी क्रेटला टेकून मिटक्या मारत होती. एका घडाचे सात देठ रिकामे दिसले. कुत्र्याला द्राक्ष चालत नाही हे मी कुठेतरी ऐकलं होतं, पण 'चालत नाही' म्हणजे पोट बिघडत असेल इतकीच माझी समजूत. तरी व्हेटना फोन केला. ते म्हणाले, 'काकू, आधी रिक्षात बसा, मग बोलू.' तिथे इंजेक्शन देऊन तिला उलटी करवली, मग दोन दिवस सलाइन आणि पाठोपाठ क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे दाखवणारा घटक) तपासण्यासाठी रक्त. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, तेही दोन-तीन दिवसांत. किती खाल्लं तर चालेल याचं सुरक्षित माप नाही. एखाद्याला काहीच होत नाही, तर एखादा थोड्याशानेही दगावतो. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर पशुवैद्यकांचा संशय आहे. तेच आम्ल चिंचेत असतं, म्हणून त्या दिवसापासून चिंचगुळाच्या आमटीतला भातही तिच्या ताटलीत पडत नाही.

त्या रात्री मी उगीच हिशोब करत बसले. माझं वजन ६० किलो, तिच्या पंचवीस पट. तिची सात द्राक्षं म्हणजे मी एका बैठकीत पावणेदोनशे द्राक्षं खाल्ल्यासारखं. आपण ज्याला 'एक तर दिलं' म्हणतो, ते तिच्या अंगाला एक नसतंच. चॉकलेट, कांदा-लसूण यांचंही तेच. आणि माझ्या व्यवसायातलं एक सांगते: कुत्रा लंगडतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाची गोळी अर्धी करून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्या अर्ध्या गोळीने एवढ्याशा कुत्र्याच्या पोटात व्रण होऊ शकतात. साखरविरहित च्युइंगममधलं गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल तर त्याची रक्तातली साखर झपाट्याने पाडतं.

आता लेखाकडे वळते. त्यात 'लांब केसांच्या कुत्र्यांचे केस उन्हाळ्यात बारीक कापून घ्यावेत' असं सरसकट लिहिलं आहे. पॉमेरेनियनसाठी हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मुलगा सुट्टीला आला, मोहरी धापा टाकतेय हे त्याला बघवेना. शहरातल्या एका पार्लरमध्ये नेऊन त्याने तिला मशीन मारून आणली. दारात उभी राहिली तेव्हा मी ओळखलंच नाही, सोललेल्या रताळ्यासारखी दिसत होती. या जातीला केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ. आतली लोकर मऊ आणि दाट. नीट विंचरलेला हा दुहेरी थर ऊन थेट कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. मुळापासून कापला की तो पुन्हा तसाच येईल याची खात्री नसते. मोहरीचे केस भरायला चौदा महिने लागले आणि पाठीवर हाताच्या पंज्याएवढा भाग अजून विरळ आहे. शिवाय त्या उन्हाळ्यात ती जास्तच कावरीबावरी झाली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ काढून धापा टाकत गार होतं. केस काढून त्यात फारसा फरक पडत नाही.

मग एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा आम्ही काय करतो? फार काही नाही. सकाळी सातच्या आत फिरणं उरकतो. डांबरावर माझा तळहात सात सेकंद टिकला नाही तर तिचे पाय तिथे ठेवत नाही. दुपारी मोरीतली शहाबादी फरशी ओली करून देते, ती तिथे चारी पाय पसरून झोपते. दिवसाआड पाण्याचा हलका फवारा मारून केस मुळापासून विंचरते. कानांमागे आणि मागच्या मांड्यांना जटा होतात, तिथे आधी बोटांनी सोडवायचं, मग कंगवा. निघालेल्या लोकरीने एक उशी भरली आहे, पण पाहुण्यांना मी ते सांगत नाही.

गळ्यातल्या पट्ट्याबद्दल लेखात काहीच नव्हतं, म्हणून लिहिते. या जातीची श्वासनलिका नाजूक असते. तिच्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडल्या की कुत्रं बदकासारखं खोकतं, आणि पट्टा ओढला की खोकला वाढतो. छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा. गुडघ्याची वाटी सरकण्याचाही त्रास असतो: पळता पळता मागचा एक पाय उचलायचा, दोन उड्या तीन पायांवर, मग पुन्हा काही झालंच नाही असं पळायचं. ही गंमत नसते. सोफ्यावरून उडी मारून पुढचा पाय मोडून घेणारेही यांच्यात बरेच.

हे सगळं या कुत्र्याच्या नशिबी का आलं, तर माणसाने त्याला लहान केलं म्हणून. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश, आज पोलंड आणि जर्मनीत वाटलेला. तिथले याचे पूर्वज चांगले दांडगे होते. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला आणि लहानाची हौस सुरू झाली. आज दीड ते तीन किलोचा कुत्रा मिळतो, तरी बाजाराला पुरत नाही. 'टीकप' म्हणून आणखी लहान पिल्लं जादा पैशांनी खपवतात. टीकप नावाची जात कोणत्याही मान्यवर केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत नाही. (गल्लीत 'पॉम' म्हणून फिरणारा पांढरा, जरा मोठा कुत्रा बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. त्याला आपलं हवामान मानवतं. त्याची लाज वाटायचं कारण नाही.) २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मोहरी आमच्याकडे आली तेव्हा ती तेवढीही नव्हती, हे पुढे व्हेटनी दुधाचे दात बघून सांगितलं. पहिला आठवडाभर ती दर तीन तासांनी खात होती. एका पहाटे साखर उतरून लटपटायला लागली, तेव्हा हिरड्यांना मध चोळून सावरली.

माझ्या विनंत्या दोन आहेत. येत्या रविवारच्या पुरवणीत द्राक्षांबद्दल आणि केस कापण्याबद्दल दुरुस्ती छापावी, कारण नाशिक जिल्ह्यात हंगाम ऐन भरात आहे आणि घरोघरी घड पडलेले आहेत. दुसरी म्हणजे, त्या मुलीचं घर आपल्या छायाचित्रकाराला ठाऊक असेल. कृपया तिच्या आईला एक फोन करायला सांगावं.

आपली,
एक वाचक (निवृत्त औषधनिर्माती), नाशिक