बागामोयो दाखवणाऱ्या आमच्या काकूंना

शिकामू (इथला मोठ्यांना करायचा नमस्कार) काकू,

तुम्ही आम्हाला बागामोयोला नेऊन तिथला गुलामांच्या व्यापाराचा इतिहास दाखवलात, त्यावर ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले आणि तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात. पण माझं तेवढ्यावर भागत नाहीये, म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं, कारण इथे टांझानियात, दारला (दार-एस-सलामला) नव्याने आलेल्या मराठी मंडळींनीही वाचावं असं वाटतं.

बागामोयो हे किनाऱ्यावरचं जुनं गाव, इथून जेमतेम 70 किलोमीटर. आपले बरेच जण जातात ते बीच रिसॉर्टला, मासे खायचे, पोरांना पाण्यात सोडायचं आणि ट्रॅफिकच्या आधी परत. आम्हीही तेच केलं असतं, तुम्ही कोस्टर (मिनीबस) बुक करून सगळ्यांना सकाळी सहाला उठवलं नसतंत तर.

सुरुवात तुम्ही काओलेच्या जुन्या अवशेषांपासून का करताय ते मला आधी कळेचना. गुलामांचा इतिहास बघायला निघालो आणि हे काय, 13व्या शतकातली पडकी मशीद आणि प्रवाळाच्या दगडाच्या कबरी. मग तिथे सावलीत उभं राहून तुम्ही म्हणालात की आधी हे बघून घ्या, इथे शहर होतं, समुद्रापलीकडे व्यापार होता, साखळ्या नंतर आल्या. बास, पुढचा सगळा दिवस त्या एका वाक्यामुळे वेगळा दिसला मला. नाहीतर अशा ट्रिपमध्ये आफ्रिकन माणूस भेटतो तो थेट बेडीतच.

किल्ला आपण तसा पटकन उरकला, ऊन फार होतं. पण इंडिया स्ट्रीटवर तुम्ही जे थांबलात ना काकू, त्यासाठी स्पेशल थँक्यू. आम्ही सगळे कोरीव दरवाज्यांसमोर फोटो काढण्यात गुंग, "आपल्याकडच्या वाड्यांसारखं आहे नै" वगैरे चाललेलं, आणि तुम्ही शांतपणे सांगायला घेतलंत की हे दरवाजे कोणाचे. टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीहून काफिले निघायचे, साधारण 1200 किलोमीटर चालत इथे किनाऱ्याला लागायचे, हस्तिदंत घेऊन आणि माणसं घेऊन. त्या काफिल्यांना उधारीवर माल आणि पैसा देणाऱ्यांत आपले हिंदी व्यापारी मोठे होते, समोरच्या झांझिबार बेटाच्या जकातीचा मक्ता कितीतरी वर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता, आणि इथला हस्तिदंत मुंबई बंदरात उतरून त्याच्या लग्नाच्या बांगड्या व्हायच्या. ग्रुपमधल्या एकांनी लगेच "पण गुलाम तर अरब विकायचे ना" म्हटलं. तुम्ही वादात पडला नाहीत. ओझी वाहणारे सगळेच गुलाम नव्हते, आतल्या भागातले न्यामवेझी जमातीचे लोक मजुरी ठरवून यायचे हेही सांगितलंत, आणि 1860 च्या सुमाराला ब्रिटिश कॉन्सलने झांझिबारच्या हिंदी लोकांना त्यांच्याकडचे गुलाम सोडायला लावले होते हेही सांगितलंत. म्हणजे होते म्हणून सोडायला लावले ना! त्यावर कोणी काही बोललं नाही. परदेशात आपल्या माणसांसमोर आपल्याच लोकांचं हे सांगायला धाडस लागतं, लोक नंतर नावं ठेवतात, तुम्हाला ठेवलीही असतील.

आणि मग तिथलं जुनं ख्रिस्ती मिशन. मी नाशिकची, हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हतात! त्या जुन्या चर्चच्या टॉवरपाशी, फेब्रुवारी 1874 मध्ये लिव्हिंगस्टनचा, म्हणजे आफ्रिकेत फिरलेल्या त्या प्रसिद्ध ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाचा, मृतदेह इथे आणून ठेवला होता हे सांगून झालं, आणि मग माझ्याकडे बघून विचारलंत, "शरणपूर रोड माहितीये ना गं?" माहितीये म्हणजे काय काकू, कॅनडा कॉर्नरवरून किती वेळा गेले असेन, शरणपूर म्हणजे माझ्यासाठी नुसता रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता होता. तिथे मिशनऱ्यांची आफ्रिकन मुलांसाठी शाळा होती, अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गलबतांवरून सोडवलेली मुलं तिथे शिकायची, आणि त्यातलाच जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, हे मला नाशिकमध्ये कधीच कोणी सांगितलं नव्हतं. आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन 1873 मध्ये वारला, त्याच्याबरोबरच्या आफ्रिकन लोकांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, वेनराइटने त्या झाडावर अक्षरं कोरली, देह मीठ लावून उन्हात सुकवला, कापडात आणि सालीत गुंडाळला, आणि सुसी, चुमा हे त्याचे सोबती आणि बाकीच्यांनी तो महिनोन्महिने वाहत या किनाऱ्याला आणला. चुमासुद्धा मुंबईत शिकलेला. वेनराइट पुढे देहाबरोबर लंडनला गेला, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. पुस्तकांत नाव राहिलं साहेबाचं, ओझं वाहणाऱ्यांत आमच्या शरणपूरचा पोरगा. मला तिथे रडू आलं ते लिव्हिंगस्टनसाठी नक्कीच नव्हतं.

तिथेच ते बाओबाबचं (गोरखचिंचेचं) अवाढव्य झाड. खोडात रुतलेली साखळी बघून सगळे गंभीर झाले, कोणीतरी हात जोडले, आणि तुम्ही हसून म्हणालात, "अहो ती गाढव बांधायची साखळी आहे." दुसऱ्या कोणी गाईडने तिथे आम्हाला खुशाल रडवून घेतलं असतं. या एका गोष्टीमुळे तुम्ही बाकी जे सांगितलंत त्यावर माझा डबल विश्वास बसला.

फ्रिअरची गोष्ट परतीच्या वाटेवर सांगितलीत तेव्हा निम्मी बस झोपली होती, मी नव्हते. मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्याच्या काळात पाडल्या तो गव्हर्नर, तोच 1873 मध्ये गुलामांचा व्यापार बंद करा म्हणून झांझिबारच्या सुलतान बर्गाशकडे आला, आणि नाशिकची आफ्रिकन मंडळी पुढे मोंबासाजवळ ज्या वस्तीत राहायला गेली तिला त्याचंच नाव, फ्रिअर टाऊन. हे मी घरी आल्या आल्या बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणे, हो का, आणि लगेच जेवलीस का.

सासूबाईंचं वेगळं लिहिते. त्यांचे गुडघे बघून तुम्ही प्रत्येक ठिकाणी आधी प्लास्टिकची खुर्ची मिळवायचात, कुठून ते देव जाणे, तिथल्या आजीबाईंशी स्वाहिलीत दोन वाक्यं बोललात की खुर्ची हजर आणि वर मदाफूही. त्या अजून सगळ्यांना सांगतात की नारळपाणी कोकणापेक्षा गोड होतं. मला पटत नाही, पण असो.

आता दोन कामं. एक, तुमच्या त्या टिपणांच्या वहीतलं सगळं टाईप करायला मी तयार आहे, शनिवारी येते, नाही म्हणू नका. आणि दुसरं, डिसेंबरात तुम्ही पुण्याला जाणार आहात तर दोन दिवस नाशिकला काढा. शरणपूरच्या चर्चपाशी जाऊ, जुनी दफनभूमी बघू, तिथे त्या मुलांपैकी कोणाचं नाव सापडतंय का ते शोधू. त्या दिवशी गाईड मी, खुर्चीची सोय पण माझी.

असांते साना, खूप खूप थँक्यू काकू.

तुमची,
नाशिकवाली