बाबा, त्या दिवशी मी मैसूरपाक खाल्ला

तिरुपूर (तामिळनाडू)
१४ डिसेंबर २०२५, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं पाऊस, कापूस आणि तब्येत यापुढे जातच नाही. गेलंच, तर बाबा फोन आईच्या हातात देतात. दिवाळीत समोरासमोर होतो, तेव्हाही तेच. भाऊबीजेच्या रात्री बाबा म्हणाले, "तू आता तिकडल्यायचाच झाला," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी गप्प बसलो, कारण बाबांचं म्हणणं निम्मं खरं होतं. ते निम्मं काय, हे लिहितो. प्राची वाचून दाखवेल. प्राची, तुझ्याबद्दलही आहे यात, मधलं काही गाळू नको.

ऑगस्टमध्ये सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. १९ तारखेपासून लागू झालं. त्या दिवशी आमच्या टी-शर्टच्या कारखान्यात, ऑफिसात मैसूरपाक वाटला. बाबा, मीही खाल्ला. एक नाही, दोन. दुसरा तोंडात असताना तुमचा फोन आला की वावरात पाणी साचलंय, पऱ्हाटी पिवळी पडून राहिली. मी "हो, हो" म्हणत घास गिळला. हे मी दिवाळीत सांगणार होतो.

त्या दिवसांत इथं काय चाललं होतं तेही ऐका. अमेरिकेनं आपल्या मालावर आधी २५ टक्के कर लावला. मग आपण रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. झाले ५०. बांगलादेश आणि व्हिएतनामला २०. आम्ही शिवतो तोच टी-शर्ट तेही शिवतात, मग अमेरिकेतला व्यापारी आमच्याकडे काहून येईल? एका सोमवारी बायरचा मेल आला, दोन ओळींचा: माल थांबवा, पुढचं नंतर कळवतो. पॅकिंगमध्ये खोकी छतापर्यंत रचलेली होती, पत्ते चिकटवून तयार. ओव्हरटाइम बंद झाला. ओडिशाची पोरं पेट्या बांधून गावी निघाली. अशात कोणी म्हटलं की कापूस स्वस्त मिळेल, तर इथला माणूस मिठाई वाटणारच. गिरणीला स्वस्त रुई हवी, तुम्हाला महाग कापूस हवा, आणि मी तुमच्या कापसावर शिकून गिरणीच्या बाजूला येऊन बसलोय. शुल्कमाफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तोवर. तुम्ही ज्याला शिव्या देता त्या कागदाच्या आनंदात मी सामील होतो. याचा मला पुढं पस्तावा झाला का? झाला. पण त्या दिवशी नाही झाला.

आता तुमच्या टीव्हीबद्दल. मे महिन्यात तुम्ही रात्री दीडला फोन केला होता. मला वाटलं, आईला काही झालं. तर तुम्ही म्हणालात, "कराची बंदर उडवलं!" वर्ल्ड कप जिंकल्यासारखा आवाज. पहलगामला २६ माणसं मारली तेव्हा माझंही डोकं तापलं होतं, आपल्या सैन्याबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण कराचीची ती बातमी खोटी निघाली, आणि ती चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी साधं "चुकलं" म्हटलं नाही. रागावू नका, पण तुम्ही लढाई बैलांच्या शंकरपटासारखी पाहता: कोणाची जोडी पुढं, कोणाची मागं. आणि जी लढाई तुम्ही दोन मिनिटांच्या वर कधी पाहिली नाही, "ते गोरे गोरे लढून राहिले, आपल्याले काय" म्हणून चॅनेल बदललं, तीच आपल्या वावरात शिरली.

२०२२ आठवतं? फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला. सूर्यफुलाचं तेल तिकडून यायचं, ते महागलं. खताच्या दुकानात तुम्ही पाहिजे ते सोडून मिळेल ते पोतं आणलं. त्याच उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला. ते पाहून पुढच्या हंगामात आपण सगळा कापूस समोरच्या खोलीत ठेवला, बारा हजार होईल म्हणून. झाला नाही. उन्हाळाभर सगळ्यांच्या अंगाला खाज, आणि आई ओसरीत निजायची. आता त्याच लढाईमुळे रशियाचं तेल स्वस्त, ते आपण घेतलं म्हणून अमेरिकेचा कर, कर बसला म्हणून गिरण्यांची ओरड, ओरड झाली म्हणून शुल्क माफ, आणि शुल्क माफ झालं म्हणून खेडा खरेदीवाला काटा घेऊन आपल्या दारात हमीभावाच्या कितीतरी खाली मागतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

हे नवं नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत आपसात लढाई झाली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा इंग्रजांना वऱ्हाड आठवला. भाव चढले. लढाई संपली, भाव आपटले, पण कापसाची चटक काही सुटली नाही. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला रेल्वेचा फाटा उघडायला. कापूस न्यायला रेल्वे आली, बाबा. आपण तिला माणसांची समजतो.

बरं, प्राचीचं. तिच्या मोबाइलमधली कोरियन गाणी ऐकून तुम्ही म्हणालात, "हे पावडर लावलेले पोट्टे पाहून पोरी बिघडून राहिल्या, आपली संस्कृती बुडाली." ती दोन दिवस जेवताना बोलली नाही. मला ती गाणी फारशी आवडत नाहीत, सगळी एकाच साच्यातली वाटतात. पण ती ज्या सात जणांची चाहती आहे, ते बीटीएसवाले, सातही जण सक्तीची सरकारी सेवा करून आलेत. सहा फौजेत, एक समाजसेवेत. दीड-पावणेदोन वर्षं. जगभर नाव असताना केस कापून गेले. तिकडे प्रत्येक धडधाकट पोराला जावं लागतं, कारण उत्तर आणि दक्षिण कोरियाची लढाई १९५३ ला थांबली, पण तह आजवर झालेला नाही. त्या वेळी कैद्यांवर देखरेख करायला भारताची फौज गेली होती, आणि तिचे प्रमुख होते आपले मराठी मेजर जनरल थोरात. हे मला प्राचीनं सांगितलं. तिनं कुठून वाचलं? त्याच मोबाइलवर. तुमची हमीभावासाठीची कपास किसान ॲपवरची नोंदणीही तिनंच त्यावर केली, सातबारा जोडून.

आणि संस्कृतीचं म्हणाल तर, दर गुरुवारी तुम्ही ज्यांची भजनं म्हणता ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ ला विश्वधर्म परिषदेला जपानला गेले होते, खंजिरी घेऊन. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्यानं घरी जाऊन म्हटलंच असेल की हे काय टपाटपा वाजवून राहिले.

आपली भाषा कोरियन गाण्यांनी जाणार नाही. ती कशी जाते ते मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः घालवली. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा मेसमध्ये पहिल्याच दिवशी विचारलं, "भाजी संपून राहिली का?" अख्खं टेबल हसलं. पुढं चार वर्षं कोणी ना कोणी "काय करून राहिला बे" म्हणायचा, सिनेमातल्या विनोदी नोकरासारखा आवाज काढून. मी सहा महिन्यांत "संपत आली का" म्हणायला शिकलो. मग सुट्टीत घरी येऊन आईलाच म्हणालो, "मले नाही, मला म्हण." आई, तू तेव्हा काही बोलली नाहीस. भाकर थापत राहिलीस. ते मला अजून आठवतं. गेल्या वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा बाबांनी मेसेज पाठवला की लीळाचरित्र आपल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. त्या मेसच्या टेबलावर हे कोणाच्या तरी तोंडावर फेकायला हवं होतं. पण तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

इथं तर वेगळीच गंमत. यंदा आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा वाद झाला, जूनअखेर सरकारनं आदेश मागे घेतला, तेव्हा आमच्या कटिंग मास्टरनं येऊन माझा हात हातात घेतला, जणू मीच तो मागे घ्यायला लावला. आणि त्याच आठवड्यात बसमध्ये एकानं मला "वडक्कन" म्हटलं. म्हणजे उत्तरेकडला, हिंदीवाला. मी मोडक्या तामिळमध्ये सांगितलं की मी मराठी. तो म्हणाला, एकच. पुण्यात मी नागपुरी, मुंबईत विदर्भवाला, इथं वडक्कन. आणि ज्याच्या कटआउटवर हे लोक घागरीनं दूध ओततात, तो रजनीकांत जन्मानं शिवाजीराव गायकवाड! हे मी कटिंग मास्टरला सांगितलं तर तो म्हणाला, "असेल. पण तो आमचा आहे." मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं.

पोंगलच्या सुट्टीत मी तंजावरला गेलो होतो, हेही सांगायचं राहिलं. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजानं १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. भिंत संपता संपत नाही. मी एकेक शब्द लावत वाचत होतो, तर शेजारच्या तामिळ आजीबाईंना वाटलं मी स्तोत्र म्हणतोय. त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

आता कामाचं. खेडा खरेदीवाल्याला देऊ नका. लांब धाग्याचा हमीभाव यंदा ८११० आहे, नोंदणी झालीय, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर न्या. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. सकाळी दवात वेचलेला कापूस बोदात भरू नका, दोन दिवस वाळवा. बंडी रात्री भरून ठेवली तर वर ताडपत्री घाला.

आणि आई, हे तुझ्यासाठी. परवा कापड तपासायच्या टेबलावर, पांढऱ्याशुभ्र कापडात केसाएवढा एक लाल धागा निघाला. खाली दिवे लावलेले असतात, त्यामुळे लगेच दिसतो. तपासणारी बाई चिमट्यानं तो ओढत बसली, निघेना, सुतातच पिळला गेला होता. असे धागे आले की गिरणीवाले म्हणतात, भारतातला कापूस घाण असतो, बाहेरचा बरा. कुठल्या गावचा कापूस होता, काही सांगता येत नाही. पण मला तुझी वेचणीची ओटी आठवली, ती लाल लुगड्याची, काठ सुटलेली. तो धागा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

पार्सलनं पांढरं सुती कापड पाठवतोय, पाच ओट्या होतील. तुझ्यासोबत वेचायला येणाऱ्या बायांनाही दे. पांढरं कमरेला बांधायला तू कुरकुर करशील, हे माहीत आहे. हळदीचं बोट लावायचंच असेल तर आतल्या बाजूनं लाव.

तुमचा
बाळू