वस्तीच्या गाडीला धरून : भाऊंना जाहीर आभारपत्र

रत्नागिरी

आदरणीय भाऊ,
सादर नमस्कार.

नाव छापायचं नाही आणि फोटो तर मुळीच नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. पण आभार मानू नका असं तुम्ही म्हणाला नव्हतात, आणि म्हणाला असतात तरी मी ऐकलं नसतं. आपल्या सभागृहाची पुढच्या हंगामाची पत्रिका या आठवड्यात छपाईला जाते आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या गाण्यापासून मे महिन्यातल्या मेळाव्यापर्यंत सगळं तिच्यात आहे. ती हातात घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडेल तो वेळांचा. रविवारी दुपारी साडेतीनला गाणं? त्या वेळा कुणी ठरवल्या आणि कशासाठी, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

शहरातले कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला लागतात, ही पद्धत जुनी आहे आणि शहरापुरती ती बरोबरही आहे. माळनाक्यावरचा, साळवी स्टॉपचा माणूस ऑफिसातून घरी येतो, चहा घेतो, स्कूटरला किक मारतो आणि पाच मिनिटांत हजर होतो. पावस, गोळप, कोतवडे, जाकादेवी, पाली या बाजूंनी येणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, त्यांना परतीची शेवटची एसटी गाठायची असते. ती माणसं वेळेच्या आधी तासभर येऊन बसायची. अर्ध्यावर उठायचीही तीच. बडा ख्याल शांतपणे उलगडून बुवा द्रुत बंदिशीवर आले, तबलजीनं जरा मोकळा हात सोडला, की मागच्या रांगांत पिशव्यांची कुजबुज सुरू व्हायची. मग एकेक जण वाकून, कुणाच्या आड येणार नाही अशा बेतानं दाराकडे सरकायचा. व्याख्यान असलं तर प्रश्नोत्तरं सुरू होईपर्यंत खेड्यातलं कुणी उरलेलंच नसायचं. प्रश्न विचारायचे ते शहरातल्यांनीच, असा जणू नियम होऊन बसला होता. गोळपकडच्या एक काकू भजनी मंडळात कित्येक वर्षं पेटी धरतात. त्या एकदा मला म्हणाल्या, "सुरुवात सगळ्यांची ऐकली हो, भैरवी एकाचीही नाही."

त्यांचं ते बोलणं तुमच्या कानावर घातलं, तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाच्या कार्यालयात आलात ते हातात लाल पेन्सिल घेऊनच. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य काढलेला माणूस टेबलाशी कसा बसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तुम्ही आमचं कार्यक्रमांचं टाचण बाजूला सारलंत, कोरा कागद आडवा धरलात आणि त्यावर आधी गावं लिहिलीत. एकेका मार्गाखाली एकेक रेघ, आणि रेघेच्या टोकाला वस्तीची गाडी. कार्यक्रमांना त्या कागदावर जागाच नव्हती. मी विचारलं, "भाऊ, गाणं कुठे लिहायचं?" तर तुम्ही म्हणालात, "बाय, गाणं कधी सुरू होतं ता नको सांगू. शेवटचा माणूस चप्पल घालून दाराबाहेर कधी पडतो, ता सांग."

मग तुम्ही उलटं मोजत आलात. वस्तीची गाडी फलाटावरून सुटायच्या आधी निदान दहा मिनिटं माणूस तिथे हवा, नाहीतर बसायला जागा नाही. सभागृहापासून स्थानकापर्यंत म्हातारं माणूस चालत गेलं तर वीस मिनिटं. चपलांच्या ढिगातून जोड शोधणं, कलाकाराच्या पाया पडणं, कुणीतरी ओळखीचं भेटणं, यांची पंधरा. आभारप्रदर्शन दहा मिनिटांचं धरलंत, आणि ते पाचांत उरकायचं असं मला बजावलंत. अशी भैरवीची वेळ निघाली आणि तिच्या मागे मागे जात सुरुवात साडेतीनवर आली. वस्तीची गाडी म्हणजे काय, हे आज शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. रात्री गावात मुक्कामाला जाणारी ती दिवसातली शेवटची गाडी. चालक-वाहक तिथेच झोपतात आणि उजाडता उजाडता तीच गाडी दूधवाल्यांना, माशांच्या पाट्यांना, कॉलेजच्या मुलांना घेऊन शहरात परत येते. ती चुकली तर स्पेशल रिक्षा, आणि स्पेशल रिक्षाचं भाडं ऐकल्यावर पुढच्या महिन्यात गाणं ऐकायला कोण येणार?

त्या बैठकीत कुणीतरी सुचवलं होतं की डेपोत शब्द टाकून गाडी दहा मिनिटं थांबवता येईल, तुमची ओळख आहेच. तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच पाहिला. "गाडी थांबायची नाही," म्हणालात. "गाडीत आधीच बसलेली बाई दिवसभर मासे विकून निघालेली असते. तिचीपण घरी वाट बघतात. आपलं गाणं आपण आवरावं." यासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. वेळा काय, कुणीही शहाणा माणूस बसवून देईल. आपल्या आनंदाचा खर्च दुसऱ्याच्या वेळेतून काढायचा नाही, ही अट तुम्ही या सभागृहाला घातलीत आणि कार्यकारिणीनं ती त्याच दिवशी वहीत लिहून घेतली.

आता एक गोष्ट सांगते, जी कदाचित तुमच्याही ध्यानात आली नसेल. साडेतीनच्या वेळेनं आम्हाला राग दिले. संध्याकाळच्या मैफलींत आम्ही वर्षानुवर्षं यमन, पूरिया कल्याण, बिहाग, बागेश्री हेच ऐकत आलो. ते ऐकावं तितकं थोडंच, पण दिवसाच्या तिसऱ्या-चौथ्या प्रहराचे राग सभागृहात लागतच नव्हते, कारण त्या वेळी सभागृहाला कुलूप असायचं. गेल्या हंगामात पहिल्या दुपारच्या बैठकीला गायिकेनं मुलतानी घेतला. बाहेर ऊन कलतं होतं, पश्चिमेच्या खिडक्यांतून ते तिरपं होऊन सतरंजीवर आलेलं, आणि आत कोमल गंधारावरून तीव्र मध्यमाकडे जाणारी ती ओढ. शेजारच्या आजोबांनी मला हळूच विचारलं, "हा कुठला गो?" वयाच्या सत्तरीत त्यांनी मुलतानी समोर बसून पहिल्यांदा ऐकला. पुढच्या बैठकीत भीमपलास, मग पटदीप. थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा नेमका पूरिया धनाश्री सुरू असतो. आता गवयांना हे कळलं आहे. फोनवर वेळ सांगितली की ते स्वतःच म्हणतात, मग मधुवंती करू या का?

आणि हो, गोळपच्या काकूंनी त्या दिवशी भैरवी पुरती ऐकली. दाराशी येऊन त्यांनी तुमचे हात धरले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. तुम्ही मात्र "चला चला, पावस, गोळप, भाट्ये, पुढे व्हा!" अशी फलाटावरची हाळी देत सगळ्यांना मार्गी लावत होतात.

पुढच्या हंगामाची आखणीही तुमच्याच कागदावरून झाली आहे, म्हणून ती तुमच्यासमोर जाहीरपणे मांडते. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आपण मोकळा सोडला. तेव्हा भातकापणी असते, झोडणी असते, पाऊस परतता परतता एखादी सर टाकेल म्हणून माणसं आभाळाकडे डोळे लावून असतात. त्या दिवसांत कोण सतरंजीवर येऊन बसेल, असं तुम्ही विचारलंत आणि ते खरंच आहे. आषाढ-श्रावणात तर आपण गाणं ठेवतच नाही. हवेतल्या ओलाव्यानं तबल्याची पुडी सैल पडते, हातोडी मारून मारून तबलजी कंटाळतो आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की पहिल्या रांगेलाही षड्ज ऐकू येत नाही.

पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला प्रयोग केला, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात. त्या निमित्तानं नाट्यपदांची बैठक होईल आणि ऑर्गन वाजवणारे दोघेही रत्नागिरीतलेच आहेत. डिसेंबरात जाखडी आणि नमन, या आपल्या कोकणातल्या लोककला. या मंडळींना आपण बोलवायचो तेव्हा त्यांचा परतीचा टेम्पो हाच सगळ्यांत मोठा खर्च असायचा. मृदंग, ढोलकी, नमनातल्या संकासुराचा पोशाख, पंधरा-वीस माणसं. यंदा त्यांचा कार्यक्रम दुपारी ठेवल्यामुळे निम्मी मंडळी एसटीनं जातील, टेम्पोत फक्त सामान. वाचलेले पैसे मानधनात घातले आहेत. रात्रभर चालणारा खेळ अडीच तासांत बसवणं शाहिरांना रुचेल का, याची मला धाकधूक होती. त्यांनीच सांगितलं की गण, गौळण आणि सवाल-जवाब एवढंच नीट करू, वगासाठी आमच्या गावाला या.

जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव असतो, शहराचे कान तिकडे लागलेले असतात. म्हणून त्या महिन्यात आपल्याकडे गाणं नाही, व्याख्यान आहे. विषय कातळशिल्पांचा, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांचा. २०२२ साली कोकणातल्या नऊ ठिकाणांची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली सात आपल्या जिल्ह्यातली आहेत : उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. व्याख्यानाला या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या माळांवरच्या, गावांतली माणसं यायला हवीत, कारण गुरं राखताना ती चित्रं पायाखाली पाहिली ती त्यांनी. राजापूर तालुक्यातून एसटीनं येऊन त्याच संध्याकाळी परत जाणं जमत नाही, हे तुमच्या कागदावर स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांची एका रात्रीची सोय कार्यकर्त्यांच्या घरी केली आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती पाहायला जायचं आहे.

सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बोलींचं वाचन होईल. संगमेश्वरी, मालवणी, चित्पावनी, दालदी, आणि खाडीकाठच्या मुस्लिम मोहल्ल्यांतली बोली. मालगुंडची मुलं येणार आहेत. केशवसुतांच्या गावची मुलं, पण त्यांना त्यांच्या घरातल्या बोलीतलंच वाचू द्यायचं ठरलं आहे. ज्या शहरात १८२८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे एवढं तरी व्हायलाच हवं. मार्चमध्ये शिमगा. पालखी घरी येणार असताना कुणी घर सोडत नाही, तेव्हा सभागृह बंद. मेमध्ये चाकरमान्यांसह मेळावा. तो मात्र सकाळी दहाला, कारण मे महिन्यात वस्तीच्या गाडीत आंब्याच्या पेट्या आणि मुंबईची पोरं यांतून पाय ठेवायला जागा नसते. गाणं त्याच मेळाव्यात, तोडी किंवा जौनपुरीनं सुरू होणारं.

आणखी एक सुचवणी तुमचीच. पत्रिकेत प्रत्येक कार्यक्रमासमोर परतीच्या गाड्यांचा रकाना आला आहे. त्याखाली सवलतीही छापल्या आहेत : पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. या दोन ओळींची गरज काय, असं एकानं विचारलं. गेल्या हंगामात दुपारच्या बैठकींना आलेल्यांत बायका किती होत्या, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानंच असं विचारावं. बचत गटाच्या बायका हिशोबाला पक्क्या असतात. जायचं-यायचं भाडं किती पडेल हे कळलं की घरात विचारायला त्यांना सोपं जातं. त्यांच्यातल्या काहीजणींनी मेच्या मेळाव्यात जात्यावरच्या ओव्या म्हणायचं कबूल केलं आहे. व्यासपीठावर, माइकसमोर. त्यांना माइकची सवय नाही, तेव्हा आदल्या रविवारी दुपारी तालीम ठेवली आहे, तीही गाडीची वेळ बघूनच.

भाऊ, सभागृहाला देणग्या देणारे पुष्कळ आहेत. त्यांची नावं भिंतीवर आहेत, ती तिथे असावीत. तुम्ही दिलेलं भिंतीवर कोरता येणारं नाही. मागच्या रांगा शेवटपर्यंत भरलेल्या राहतात आणि प्रश्नोत्तरांत जाकादेवीचा शेतकरी उठून वक्त्याला अडवतो, त्या प्रत्येक वेळी तुमची आठवण निघते. कार्यकारिणी, तबलजी, पेटीवाले, चहाची किटली फिरवणारी मुलं आणि गावोगावचे श्रोते, सगळ्यांच्या वतीनं तुमचे मनापासून आभार.

एक विनंती आहे. दिवाळीनंतर गाड्यांच्या वेळा बदलतात. छापखान्यात पत्रिका सोमवारी द्यायची आहे, तेव्हा रविवारी संध्याकाळपर्यंत शेवटचा रकाना एकदा डोळ्यांखालून घाला. पाली आणि जाकादेवी मार्गांबद्दल मला खात्री वाटत नाही. आणि पहिल्या बैठकीला दाराशी उभं राहायचं नाही. हाळी द्यायला आता दोन मुलं तयार झाली आहेत, तुमची जागा आत धरून ठेवते. वहिनींनाही घेऊन या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सभागृहाची एक कार्यकर्ती