बटाट्यांची घाई करू नका: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

घरात दहा किलो बटाटे आहेत आणि वाया जायच्या आत ते संपवायचे आहेत, असं तुम्ही म्हणालात. माझं पहिलं सांगणं हे की दहाच्या दहा किलोंची घाई नाही. दोघांनी मिळून रोज अर्धा किलो खाल्ले तरी २० दिवस लागतील, आणि घट्ट, कोरडा बटाटा अंधाऱ्या, गार, हवेशीर जागेत तेवढे दिवस सहज टिकतो. घाईचे असतात ते त्यातले दोन-अडीच किलो. बटाट्याचे पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा एकाच दिवशी ढीगभर उकडून ठेवल्यामुळे. मग कुठे पाणी सुटतं, कुठे चिकटा होतो, कुठे आंबूस वास येतो. म्हणून आधी निवडा, मग शिजवा.

बाबा, निवडायचं काम तुम्ही घ्या, ते बसून होतं. बटाटे कोरड्या कागदावर पसरा, पण धुऊ नका. ओल राहिली की कुजायला सुरुवात होते. घाव लागलेले, चिरलेले, दबलेले बटाटे एका बाजूला काढा. त्यांचा खराब भाग आजूबाजूच्या चांगल्या भागातला थोडा घेऊन कापून टाका आणि उरलेला त्याच दिवशी शिजवा. दुसऱ्या बाजूला बारीक कोंब आलेले. कोंब डोळ्यासकट खोल कोरून काढला आणि बटाटा हाताला घट्ट लागला, तर तो चालेल. चार-पाच दिवसांत वापरा. कोंब लांब वाढून बटाटा सुरकुतला असेल तर टाकून द्या. बाकीचे धडधाकट बटाटे परत टोपलीत ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा चाळा. पाणी सुटलेला, वास मारणारा एक बटाटा आत राहिला तर शेजारचे चार घेऊन जातो.

हिरव्या पडलेल्या बटाट्यांबाबत मात्र काटकसर अजिबात नको. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही. पण बटाटा उजेडात राहिल्याची ती खूण आहे, आणि उजेडातच सोलानिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं. त्याने मळमळ, उलट्या, जुलाब होतात, आणि उकडून ते नाहीसं होत नाही. सालीलगत थोडीशी हिरवी झाक असेल तर जाड साल काढून तो भाग पूर्ण उतरवा. बराच भाग हिरवा असेल तर अख्खा बटाटा फेका. शिजवलेला बटाटा कडू लागला तर तो घास गिळू नका.

टिकावेत म्हणून कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवावेसे वाटतात, पण तिथे दुसराच घोळ होतो. बटाट्याला ७ ते १० अंश सेल्सिअसचा गारवा मानवतो. फ्रिजमध्ये तापमान ४-५ अंशांवर जातं आणि त्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. असा बटाटा उकडला की गोडसर लागतो, आणि तळला की आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो. तो नुसता दिसायला वाईट नसतो. जास्त साखरेचा बटाटा खूप तापमानाला तळला की त्यात ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं द्रव्यही जास्त तयार होतं. फ्रिजमध्ये आधीच ठेवले असतील तर बाहेर काढा आणि आठवडाभर अंधारात राहू द्या, साखर बरीचशी परत उतरते. तोवर त्यांची भाजी किंवा सूप करा, तळू नका. कांदे मात्र त्याच टोपलीत नकोत. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

आता उकडणं. आई, तू म्हणशील त्यात काय सांगायचं, पण निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात. पातेल्यात उकडायचे असतील तर गार पाण्यातच घाल. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर फुटून विरघळतो आणि मधला गाभा कच्चाच राहतो. एका खेपेत एकाच आकाराचे घे; लहान-मोठे एकत्र घातले की लहान फुटतात. कुकरमध्ये बटाटे पाण्यात बुडवू नकोस. तळाला दोन पेले पाणी, त्यावर डबा, आणि डब्यात पाणी न घालता सालासकट बटाटे. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. शिटी उचलून वाफ घाईने सोडली की दाब एकदम उतरतो, बटाट्याच्या आतलं पाणी उसळतं आणि सालं फाटतात. तुमच्या कुकरचा अंदाज वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्यांदा दोन-चारच बटाटे लावून बघ. सोलल्यावर ते रिकाम्या गरम पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटं कोरडे कर. कच्च्या बटाट्याचा सुमारे चार-पंचमांश भाग पाणीच असतो; त्यात उकडताना आणखी पाणी शिरलं तर पुढचा प्रत्येक पदार्थ सैल होतो.

कोणता बटाटा कशाला घ्यायचा हे सालीवरून नीटसं कळत नाही, त्यासाठी मिठाच्या पाण्याची चाचणी सोपी आहे. साडेपाच वाट्या पाण्यात अर्धी वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, म्हणजे कुस्करायला आणि तळायला चांगला. तरंगला तर चिकट जातीचा, रश्श्यात फोडी अखंड राहतील असा. प्रत्येक बटाटा तपासत बसू नका; एका पोत्यातले बटाटे साधारण सारखे निघतात, तीन-चार पाहिले तरी पुरे.

कुस्करलेला बटाटा दातांना सोपा, म्हणून तो तुमच्याकडे बऱ्याचदा होईल. त्यात मिक्सर लावायचा मोह आवरायला हवा. पात्याने बटाट्याच्या पेशी फाटतात, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि अर्ध्या मिनिटात खळ तयार होते. चाळणीतून दाबून काढा किंवा स्मॅशरने वरून खाली दाबा, गोल घोटू नका. अर्धा किलो बटाट्याला ३० ते ४० ग्रॅम लोणी आणि १०० ते १२० मिलिलिटर दूध घ्या. आधी लोणी, मग दूध, आणि दूध गरमच. लोण्याचा थर स्टार्चवर बसला की नंतरच्या दुधाने चिकटपणा कमी येतो. गार दूध घातलं तर गुठळ्या राहतात आणि त्या मोडायला आपण जास्त घोटतो, की झालीच खळ. एकदा चिकट झालेला बटाटा पुन्हा मोकळा होत नाही, त्यात आणखी दूध ओतत बसू नका. पराठ्यासाठी तो सारण म्हणून न भरता कणीक मळतानाच सरळ पिठात मिसळा, किंवा गरम पाण्यात सैल करून त्याचं दाट सूप करा. त्या दोन्ही ठिकाणी तोच चिकटपणा उपयोगी पडतो.

पॅटिस फुटण्याची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि दर वेळी लोक आणखी पीठ घालतात. पीठ वाढवलं की ती घट्ट होतात खरी, पण रबरासारखी लागतात. खरं कारण बहुतेक वेळा ओल किंवा ऊन बटाटा. आदल्या दिवशी उकडून, सालासकट फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा घे. शिजलेला स्टार्च गार झाल्यावर घट्ट बसतो आणि बांधणी आपोआप येते. अर्धा किलो बटाटा किसून घे, त्यात सपाट दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. मीठ अगदी थापायच्या वेळी, कारण कांदा किंवा वाफवलेल्या भाज्या घातल्या असतील तर मिठाने त्यांना पाणी सुटतं. दीड सेंटीमीटर जाडीची थापून अर्धा तास परत फ्रिजमध्ये ठेव. तवा मध्यम तापला की तेल, मग पॅटिस, आणि मग चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू खरपूस झाली की ती स्वतःहून तव्यापासून सुटते. सुटत नसेल तर ती तयार नाही. तेव्हा उलथणं खुपसलं की निम्मं पॅटिस तव्यावर राहतं. पहिल्यांदा एकच टाकून बघ. ते फुटलं तरच आणखी एक चमचा कॉर्नफ्लोअर.

रश्श्यात बटाटा तासभर शिजवूनही कडक राहतो तेव्हा दोष बटाट्याचा नसतो, आंबटाचा असतो. टोमॅटो, चिंच, दही आधी पडलं की फोडींमधलं पेक्टिन, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, सुटत नाही आणि त्या मऊ होत नाहीत. म्हणून बटाटा आधी पूर्ण शिजू द्यायचा, आंबट नंतर. हेच उलटं वापरता येतं: फोडी विरघळतात अशी भीती असेल तर थोडं आंबट लवकर घाला. लवकर शिजावं म्हणून सोडा मात्र नको, बाहेरून लगदा होतो. शिजल्यावर बटाटा करडा-निळसर पडला तर घाबरू नका, त्यातलं लोह आणि एक आम्ल यांच्या संयोगाने हवा लागून तो रंग येतो आणि खायला तो सुरक्षित असतो. उकडत आल्यावर पाण्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घातला तर बराच टळतो. कच्च्या फोडी तांबूस पडतात त्याचं कारण वेगळं आहे. त्या चिरल्याबरोबर पाण्यात टाकल्या की झालं.

उकडलेले बटाटे ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि फ्रिजमध्येही तीन-चार दिवसांत संपवा. ओव्हनमध्ये भाजले असतील तर आणखी एक गोष्ट जपा. फॉइलमध्ये गुंडाळलेला भाजका बटाटा तसाच बाहेर राहिला, तर आत हवा नसते आणि ऊब व ओल असते. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला नेमकं तेच लागतं. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या एल पासो इथे असे बटाटे वापरून केलेल्या पदार्थाने ३० जण आजारी पडले होते. तेव्हा बटाटा भाजला की फॉइल लगेच सोडवा. खरं तर भाजताना फॉइल लागतच नाही, त्याने साल मऊ पडते. काट्याने सात-आठ ठिकाणी टोचून, २०० अंशांवर तासभर नुसता ठेवला की पुरे. टोचायला विसरलात तर एखादा बटाटा आत फुटतो आणि ओव्हन घासत बसावं लागतं.

फ्रीझरमध्ये कच्चा बटाटा टाकू नका, बाहेर काढल्यावर काळा आणि पाणचट होतो. कुस्करलेला, लोणी घातलेला बटाटा छान राहतो. तळायच्या लांब फोडी उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून, गार पाण्यात काढून, पूर्ण पुसून, ताटात सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा.

तळणाचं मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण इथे बिघडतो तो नुसता पदार्थ नसतो. फोडी एक सेंटीमीटर जाडीच्या करा, दोनदा धुवा, अर्धा तास गार पाण्यात ठेवा, म्हणजे वरचा स्टार्च निघून त्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग कापडावर पसरून अगदी कोरड्या करा. ओली फोड तेलात गेली की पाण्याची वाफ होऊन तेल फसफसून वर येतं आणि आचेवर सांडतं. म्हणूनच कढई निम्म्याहून कमी भरा आणि एका वेळी मूठभरच फोडी घाला. पहिल्यांदा १५० ते १६० अंशांना चार-पाच मिनिटं, रंग येऊ न देता. मग बाहेर काढून दहा मिनिटं थांबा आणि दुसऱ्यांदा १८० ते १९० अंशांना दोन-तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. एकदाच तळल्या तर एक तर आत कच्च्या राहतात, नाहीतर ताटात आल्या-आल्या मऊ पडतात. थर्मामीटर नसेल तर एक फोड टाकून पाहा: बारीक बुडबुडे येत संथपणे वर आली तर पहिल्या खेपेचं तेल, लगेच जोरात फसफसली तर दुसऱ्या. धूर दिसला की तेल जास्त तापलं, गॅस बंद करा.

आई, कढई मागच्या शेगडीवर ठेव आणि कढईत बसेल असं झाकण हाताशी असू दे. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण बाजूने सरकवत ठेवायचं आणि पूर्ण निवेपर्यंत उचलायचं नाही. पाणी कधीही नाही, आणि पेटलेली कढई हलवायचीही नाही. बाबा, तळण चालू असताना फोन वाजला किंवा दारावर कोणी आलं, तर ते तुम्ही बघा. तुम्ही घरात नसाल त्या दिवशी तळण नकोच, त्या दिवशी सूप करा.

तुमची,
लेक

ता. क. रस्सा खारट झाला तर कच्च्या बटाट्याची फोड टाकून मीठ शोषून घेता येत नाही. ती रस्सा पिते, मीठ निवडून घेत नाही. पण आता घरात बटाटे आहेतच, तर दोन-तीन बिनमिठाचे उकडून कुस्करा आणि पाण्यासकट त्यात मिसळा. रस्सा वाढतो, मीठ पसरतं. आणि डॉक्टरांनी कधी पोटॅशियम कमी करायला सांगितलं, तर बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. कुकरमध्ये वाफवून त्यासाठी चालत नाही, कारण पोटॅशियम पाण्यात उतरायला हवं.