मराठी यादी आणि शून्य बेरीज

मा. संपादक,
स. न.

शेल स्क्रिप्टच्या (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) वर्गात सरावाला बहुधा इंग्रजी नावांची, इंग्रजी आकड्यांची फाईल देतात. तिच्यावर सगळे बिनबोभाट चालते. दूध संस्थेची मराठीत टाइप केलेली यादी पुढे आली की गाडी अडते, म्हणून हे पत्र.

समजा, प्रत्येक ओळीत तालुका, गाव, लिटर आहे, मधे स्वल्पविराम. तालुकावार बेरीज ऑक (awk) या रकाने हाताळणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीत होते: पहिला रकाना धरायचा, त्याच्या नावावर तिसरा मिळवत जायचे, फाईल संपली की छापायचे. छापण्याचा क्रम ऑक पाळत नाही, म्हणून पुढे पाइप (|, एका आज्ञेचा निकाल दुसरीला देणारी खूण) लावून सॉर्ट (sort) ही क्रम लावणारी आज्ञा. पण लिटर देवनागरी अंकांत असेल तर ऑकच्या लेखी तो आकडाच नव्हे. बेरीज शून्य, आणि एररही नाही! सॉर्टला डॅश एन (-n, म्हणजे आकड्यांच्या क्रमाने लाव) लावूनही उपयोग नाही. त्यालाही सगळ्या ओळी शून्यच दिसतात, मग तो अक्षरे बघून लावतो आणि १० लिटरवाला ९ च्या आधी बसू शकतो.

अंक बदलायला टीआर (tr, अक्षराच्या जागी अक्षर घालणारी आज्ञा) वापरू नये. लिनक्सवरचा टीआर एकेक बाइट (साठवणीचे एकक) बदलतो आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अंक ३ बाइटांचा, त्यामुळे गावांच्या नावांचाही चुराडा होतो. सेड (sed) या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रॅमची वाय (y) आज्ञा घ्यावी, लोकेल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ ठेवून.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तालुके १२. निकालात १३ ओळी आल्या आणि 'करवीर' दोनदा दिसला, तर डोळ्यांना फरक सापडणार नाही. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांची फाईल) काढली की फाईलच्या तोंडाशी न दिसणारे ३ बाइट येतात. मथळ्याची ओळ नसेल तर ते पहिल्याच तालुक्याला चिकटतात. ओळीच्या शेवटी विंडोजचे कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) असते ते वेगळेच. डॉसटूयुनिक्स (dos2unix) हा प्रोग्रॅम दोन्ही काढतो. नावापुढची मोकळी जागा आणि 'गडहिंगलज'सारखी टायपिंगची चूक मात्र आपणच निस्तरायची.

नुसती तालुक्यांची यादी हवी असेल तर पहिला रकाना कट (cut) या आज्ञेने काढून आधी सॉर्ट, मग युनिक (uniq, पुन्हा आलेल्या ओळी गाळणारी आज्ञा). युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ताडतो. सॉर्टला 'के १' (-k1, कोणत्या रकान्यावर लावायचे) एवढेच सांगितले तर तो पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळे धरतो. 'के १,१' लिहावे. आणि निकाल त्याच फाईलमध्ये बाणाने (>) वळवू नये. सॉर्ट वाचायला लागण्याआधीच शेल ती फाईल रिकामी करते. त्यासाठी सॉर्टचा डॅश ओ (-o) आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर