‘नको’ म्हणू दिलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

खपल्या पडून गेल्या. हात बघून सगळे ‘वा, छान झालाय’ म्हणतात आणि तो छान आहेच. पण हे पत्र टॅटूसाठी नाही. सुई लागायच्या आधी, नक्षी नुसती त्वचेवर काढलेली होती तेव्हा तुम्ही जसं वागलात, त्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.

तुमच्याकडे यायच्या आधी मी काय काय बघितलं ते सांगते, म्हणजे मला एवढं का भरून आलं ते कळेल. एका गृहस्थांनी ज्या बॉलपेनने पावती लिहिली, तेच पेन घेऊन माझ्या हातावर वेल काढायला घेतली. मी हात मागे घेतला तर म्हणाले, ‘शाईच तर आहे!’ अहो, पण त्याच रेघेवरून सुई जाणार, आणि रेघेवर जे काही असेल ते सोबत आत नेणार. दुसरीकडे स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा कागदी छाप, त्वचेवर उमटवायला डिओडरंटची कांडी निघाली. किती जणांच्या अंगावरून फिरली होती देव जाणे. तिसऱ्याने सल्ला दिला की आधी काळी मेंदी काढून आठवडाभर मिरवून बघा. त्या काळ्या मेंदीत बहुतेक वेळा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, कधी कायमचे डाग राहतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे साधा डाय लावायचीही चोरी. हे बोलून दाखवलं की वर ऐकून घ्यायचं, ‘किती शंका काढता हो तुम्ही.’

तुम्हाला माझी एकही शंका जड झाली नाही. नव्या रेझरने लव काढलीत, जागा पुसून कोरडी केलीत, आणि मग बंद पाकिटातला मार्कर माझ्यासमोर फोडलात. ऑपरेशनआधी सर्जन खुणा करतात तो, जांभळ्या शाईचा. काम झाल्यावर तो सरळ कचऱ्याच्या डब्यात. मी बघतेय की नाही याकडे तुमचं लक्षही नव्हतं, तुमची ती रीतच असावी.

वेलीच्या वाटेत माझा एक तीळ येत होता. तुम्ही पान जरा वळवलंत आणि तीळ मोकळा ठेवलात. म्हणालात, ‘हा उद्या बदलला तर डॉक्टरांना दिसायला हवा.’ माझ्या तिळाची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती!

मग तुम्ही मला उभं केलंत. ‘रोज उभ्या राहता तशा राहा, हात सोडा.’ टेबलावर उताणा ठेवलेल्या हातावर सरळ दिसणारी वेल, हात खाली सोडल्यावर पिळवटून मनगटाशी तिरकी झाली होती. मी चाचरत म्हटलं, थोडं वाकडं वाटतंय का? तुम्ही स्पिरिटचा बोळा घेतलात आणि सगळं पुसून टाकलंत. कपाळाला आठी नाही की उसासा नाही. या वेळी मला उभं ठेवूनच पुन्हा उमटवलंत.

आणि आता ती गोष्ट. काढलेल्या नक्षीची शाई सुकत होती. तुम्ही हातमोजे काढलेत, माझ्याकडे आरसा दिलात आणि म्हणालात, ‘मी जरा पाणी पिऊन येते. निवांत बघा. नको वाटलं तर आज नुसतं पुसून घरी जा.’ जाताना दार ओढून घेतलंत.

ताई, ते दार मी विसरणार नाही. समोर माणूस मशीन घेऊन ताटकळत बसला असेल तर आपल्या तोंडून ‘हो, ठीक आहे’च निघतं. भिडेपोटी माणसं जन्मभराची नक्षी अंगावर घेतात. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही खोलीतून उठून गेलात. मी एकटीने आरशात बघितलं, हात वर केला, खाली केला, कोपरात वाकवला. एक पान खाली सरकवावंसं वाटलं. तुम्ही आल्यावर ते बिनधास्त सांगितलं आणि तुम्ही सरकवलंत.

हल्ली कुठेही जा, डॉक्टरकडे, बँकेत, कपडे शिवायला, समोरच्याला आपला होकार घाईने हवा असतो. सही करा, पुढे व्हा. कामात वाकबगार माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला ‘नको’ म्हणायला जागा ठेवणारी फार कमी, आणि ती भेटली की मला उगाच भरून येतं. तुमच्याकडे डोळ्यांत पाणी आलं ते सुईमुळे नव्हतं, एवढं आता सांगून टाकते.

धाकट्या बहिणीलाही टॅटू काढायचाय. रोज नवं चित्र दाखवते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नापसंत करते. तिला तुमच्याकडेच घेऊन येणार आहे. मार्कर जरा जास्त मागवून ठेवा.

तुमची,
वेलवाली