बेडे कोण लावणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सायकलवरचा लेख सोमवारी वाचला. (सोमवारी का, ते शेवटी सांगतो.) लेखक महाशयांनी मेहनत घेतली आहे यात शंका नाही. रत्नागिरीच्या सड्यावरून निघून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत तीन दिवस सायकल हाणणे हे काही येरागबाळ्याचे काम नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावर सायकल घालू नका, हा त्यांचा सल्लाही लाख मोलाचा. २०११ पासून त्या चौपदरीकरणाची धूळ आम्ही खातो आहोत, पाहुण्यांनी कशाला खावी?

पण आमच्या आडवाटांवर 'तीन दिवसांत एकही वाहन आडवे आले नाही' याचे त्यांना जे कौतुक वाटले, ते वाचून हसावे की रडावे कळेना. वाहन येत नाही कारण वाहनाला येता येत नाही. ज्याला ते 'ग्रॅव्हल' म्हणतात त्याला आमच्या ग्रामपंचायतीच्या कागदावर 'खडीकरण झाले, डांबरीकरण प्रस्तावित' असे नाव आहे. ती खडी आम्ही सायकलवाल्यांच्या हौसेसाठी उघडी ठेवलेली नाही. वरच्या वाडीत यायला रिक्षावाला दुप्पट भाडे सांगतो आणि तरी शेवटच्या चढणीखाली उतरवतो. लेखकांना मात्र तीच चढण 'आव्हानात्मक आणि निर्मळ' वाटली. निर्मळ आहे खरी.

मी सायकलचा शत्रू नाही हे आधी सांगतो. एकतीस वर्षे ग्रामीण डाकसेवक म्हणून याच वाटांवर टपाल वाटले. सायकल काळी, २८ इंची, टायर २८ बाय दीडचा. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. लेखातल्या लाखभराच्या सायकलचा टायर ४० मिलिमीटरचा आहे आणि तो 'खास खडीच्या वाटांसाठी नव्याने विकसित' झाला आहे, असे वाचले. दोन मिलिमीटरचा विकास झाला म्हणायचा. माझ्या सायकलला गिअर नव्हते. चढ आला की उतरायचे, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आली की सायकल खांद्यावर घ्यायची, साकवावर (ओढ्यावरच्या अरुंद पुलावर) तर घ्यायचीच. निम्मी वाट मी सायकलवर आणि निम्मी वाट सायकल माझ्यावर. तिला घंटी होती, स्टँड होता, चिखलाचे पंखे होते. नव्या सायकलींना यातले काहीच नसते, असे प्रत्यक्ष पाहिले आहे. कुठे पाहिले तेच सांगायला हे पत्र.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतरचा रविवार. मारळची मार्लेश्वराची यात्रा आटपून माणसे नुकतीच घरी लागलेली. घराखालच्या मळ्यात माझे तीन गुंठे कुळीथ आणि कडेने पावटा. भात झोडून झाले की आमच्याकडे गुरे मोकळी सोडतात, त्यामुळे मागून कडधान्य करणाऱ्याने कुंपण घालायचे हा रिवाज. करवंदीच्या काट्या तोडून आणायच्या, हात रक्ताळून घ्यायचे, दरवर्षी नवे कुंपण. आमची पूर्वापार वाट त्या मळ्यातूनच जाते, म्हणून दोन्ही तोंडांना बेडे. लेखक महाशयांसाठी सांगतो, दोन खुंट आणि त्यांत आडवे सरकवायचे तीन बांबू. बांबू काढायचे, पलीकडे जायचे, बांबू परत लावायचे. याला गिअर लागत नाहीत.

सकाळी साडेआठला अकराजण आले. रंगीबेरंगी, डोक्यावर हेल्मेट. 'काका, हा ट्रॅक पुढे कुठे जातो?' मी सांगितले, पुढे पऱ्या (ओढा) आहे, त्यावर साकव, पलीकडे वरची वाडी, तिथून चढ धरला की थेट डोंगराच्या पोटात. उन्हाने लाल झाले होते बिचारे. आमच्या हिने कोकमाचे सरबत केले. पैसे देऊ लागले, घेतले नाहीत. सायकलींना स्टँड नसल्यामुळे सगळ्या गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवल्या; निघताना वरचे दोन चिरे खाली आले ते मी नंतर उचलून ठेवले, त्याबद्दल तक्रार नाही. माणसे चांगली होती. मराठीत बोलत होती, शिकलेली होती. एकाने तर बेड्यापाशी बसून त्याचा फोटो काढला. 'किती रस्टिक' म्हणाला. मला वाटले, काहीतरी मोडलेय. मुलाला फोन करून अर्थ विचारला तेव्हा कळले की ती स्तुती होती.

मी नि ही दहाच्या एसटीने देवरुखला गेलो. तीनला परत आलो तर मळ्यात सात गुरे. अलीकडचे बेडे लावलेले होते, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत ओलांडले होते. पलीकडचे सताड उघडे. फोटोसाठी काढलेले तिन्ही बांबू बाजूला नीट रचून ठेवलेले! शेंगा धरलेले कुळीथ, अजून पंधरवड्यात उपटायला आले असते. जे खाल्ले नव्हते ते तुडवले होते. पावट्याचा तर वेलसुद्धा ओळखू येईना.

गुरे भावकीतल्याच एकाची. त्याला म्हटले, तर तो म्हणाला, 'बेडे तुझे उघडे, माझ्या गुरांना काय वाचता येते?' बरोबरच आहे त्याचे. पण त्या दिवसापासून जी अढी बसली ती बसलीच. शिमग्यात पालखी नाचवताना खांद्याला खांदा लागला, तेवढाच संबंध. आणि त्या वर्षी आम्ही कुळथाची पिठी विकत आणली. संपादक महाशय, स्वतःचा मळा असताना कोकणातल्या माणसाने पिठीची पुडी दुकानातून आणायची म्हणजे काय, हे मी लिहून सांगू शकत नाही.

आता लेखातले ते वाक्य: 'या पाणंदी व शेतवाटा सार्वजनिक असल्याने निःसंकोच जावे.' कोणी सांगितले? काही वाटांची नोंद ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत आहे, बाकीच्या नुसत्या वहिवाटीच्या आहेत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये बांधावरून रस्ता मागता येतो, तो शेतकऱ्याला, स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. या दोन्हींखाली भांडलेली माणसे वाडीवाडीत सापडतील, सायकलस्वार एकही सापडणार नाही. मोबाइलच्या नकाशावर रेघ दिसली म्हणजे रस्ता झाला असे नव्हे. ती रेघ कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जाते आणि तो माणूस आजवर काही बोललेला नाही, एवढाच तिचा आधार. त्याने कंटाळून उद्या लोखंडी जाळी मारली (बाहेरून येऊन जमिनी घेतलेल्यांनी मारल्याच आहेत) तर सायकलवाले दुसरी वाट शोधतील. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईने कुठली शोधायची?

भाऱ्यावरून आठवले. फेब्रुवारी-मार्च हा 'उत्तम काळ' असे लेखात आहे. नेमक्या त्याच दिवसांत भाजावळीची गडबड असते. तरव्याची (भाताची रोपे करायची) जमीन भाजायला कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (वाळका पाला), गवत सगळे डोक्यावरून येते, आणि येते याच 'निर्मनुष्य' वाटांनी. भाऱ्याखाली बाईला चार पावलांपुढची जमीन दिसते, बस्स. मागून तुम्ही उतारावर येणार आणि घंटी नाही! लाखाची सायकल घेणाऱ्याला घंटी जड होते काय? 'साइड प्लीज' असे ओरडतात म्हणे. ती बाई दचकून कोणत्या साइडला जाईल, हे तिलाही माहीत नसते.

पावसाळ्याबद्दल मी बोलणार नव्हतो, पण 'जूननंतर तर स्वर्गच' हे वाक्य निदान छापण्याआधी कुणीतरी वाचायला हवे होते. जांभ्यावर शेवाळ धरले की आम्ही अनवाणी माणसे अंगठे रोवून चालतो. आमच्या पाणंदींना पावसात पाणंद म्हणत नाहीत, पऱ्या म्हणतात. स्वर्ग लवकर दिसेल हे मात्र खरे.

आणि छायाचित्रे. पहिल्यात काळी जमीन आणि दोन्ही बाजूंना ऊस. खाली मजकूर, 'कोकणातील एक रम्य वाट'. घाट उतरताना ऊस बरोबर आणला होता काय? दुसऱ्यात एक उघडे बेडे आणि त्यातून जाणारी सायकल. भिंग लावून पाहिले. माझे नाही. पण कुणाचे तरी आहे, आणि छायाचित्र काढून झाल्यावर ते लावले की नाही, हे लेखात कुठेच नाही.

माझी मागणी फार नाही. लेखाचा पुढचा भाग येत्या रविवारी येणार असे खाली छापले आहे. त्यात चौकट टाका, टायरमधल्या हवेबद्दल टाकली तेवढीच, की बेडे उघडले तर लावावे आणि सायकलला घंटी बसवावी. हवेपेक्षा जागा कमी लागेल.

शेवटचे, अंकाबद्दल. आमचा अंक एसटीने येतो आणि रविवारी फाट्यावरचे दुकान बंद असल्यामुळे गठ्ठा सोमवारी सुटतो. पुरवणीचे पैसे मात्र आम्ही रविवारचेच भरतो. विक्रेत्याला विचारले, तो म्हणतो वरून सांगा. हे वरून म्हणजे कुठून, ते कृपया कळवावे. पत्र छापलेत तर तेही कळवावे, कारण त्या दिवशीचा अंक मला मिळेलच असे नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वर्गणीदार,
निवृत्त डाकसेवक, ता. संगमेश्वर